‘माझ्या मागे या’: बर्फातल्या ताफ्यातील खुणा आणि त्यांची उत्तरे

वाळूज, बजाजनगर, रांजणगाव शेणपुंजी या पट्ट्यातून समुद्र गाठायचा तर रात्रभराचा प्रवास करून मुंबई गाठावी लागते. तरी इथल्या घरांतली मुलेही जहाजावर जायची स्वप्ने पाहतात. कोणी दहावीनंतर जीपी रेटिंगचा, म्हणजे खलाशाचा, सहा महिन्यांचा कोर्स करतो, कोणी आयटीआय करून फिटर म्हणून जाऊ पाहतो, कोणाची मुलगी डेक कॅडेट व्हायचे म्हणते. त्यांच्यासाठी आणि त्यांना धाडणाऱ्या आईवडिलांसाठी हा लेख आहे. विषय एकच. हिवाळ्यात जहाज बर्फात शिरते, पुढे आइसब्रेकर वाट फोडत चालतो, मागून इतर जहाजे ओळीने निघतात, तेव्हा एकमेकांना द्यायच्या खुणा. आंतरराष्ट्रीय संकेतसंहितेत या खुणांना दोनेक पाने मिळाली आहेत. बर्फात मात्र ती दोन पाने तोंडपाठ असावी लागतात.

आपली माणसे बर्फात कशाला जातील, असे वाटू शकते. पण कंपनी सांगेल त्या जहाजावर चढायचे असते आणि टँकर तेल असेल तिथे जातो. फिनलंडच्या आखातातल्या प्रिमॉर्स्क आणि उस्त-लुगा या रशियन बंदरांपाशी हिवाळ्यात बर्फ धरतो. फिनलंड आणि स्वीडन यांच्यामधल्या बोथनियाच्या आखाताचा उत्तरेकडचा भाग दर हिवाळ्यात गोठतो. तिकडे पूर्वेला, सखालिन बेटासमोरच्या किनाऱ्यावर दे-कास्त्री हे तेलाचे बंदर आहे. सखालिन-१ या प्रकल्पात ओएनजीसी विदेशने २००१ मध्ये २० टक्के वाटा घेतला. तिथले ‘सोकोल’ तेल याच बंदरातून निघते आणि हिवाळ्यात टँकरांना आइसब्रेकरच्या सोबतीनेच आत-बाहेर करावे लागते. शिवाय आपल्या शेजारचा गोवा आहेच. ६ डिसेंबर १९८१ रोजी डॉ. एस. झेड. कासिम यांच्या नेतृत्वाखाली भारताची पहिली अंटार्क्टिक मोहीम गोव्याहूनच निघाली, ‘पोलर सर्कल’ या भाड्याने घेतलेल्या नॉर्वेजियन जहाजातून. वास्कोचे राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र या मोहिमांचे काम पाहते.

आता खुणांकडे. वाळूजच्या एखाद्या मोठ्या कारखान्यात छताखालची ईओटी क्रेन चालते तेव्हा ऑपरेटर खुणा घेतो त्या खाली उभ्या असलेल्या एकाच सिग्नलमनकडून. दहा जण हात हलवत असले तरी तो त्यांच्याकडे पाहत नाही. ‘थांब’ ही खूण मात्र कोणीही करावी, झाडूवाल्यानेसुद्धा, आणि ऑपरेटरने ती लगेच मानावी, असा दंडक असतो. बर्फातल्या ताफ्याचा कायदा याच घडणीचा आहे. हुकूम देतो आइसब्रेकर. मागच्या जहाजांनी त्याचे ऐकायचे आणि उत्तर द्यायचे. पण ‘थांबा, मी बर्फात अडकलो आहे’ ही खूण ओळीतले कोणतेही जहाज देऊ शकते, आणि ‘लक्ष द्या’ हीसुद्धा.

संहितेतली या खुणांची सारणी हाती घेतली की पहिल्यांदा ही गोष्ट डोळ्यांत भरते. प्रत्येक अक्षरापुढे दोन रकाने आहेत. आइसब्रेकरने ते अक्षर दिले तर अर्थ एक, सोबतच्या जहाजाने दिले तर दुसरा. आइसब्रेकरचा ‘पी’ म्हणजे ‘वेग कमी करा’. तुमचा ‘पी’ म्हणजे ‘मी वेग कमी करतो आहे’. उत्तर म्हणून तेच अक्षर परत द्यायचे असते, आणि त्या उत्तराचा अर्थ ‘ऐकले’ असा नाही, ‘करतो आहे’ असा आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची झाली तर ती ही. टेलिग्राफला, म्हणजे इंजिनाला हुकूम देण्याच्या दांड्याला, हात न लावता भोंगा वाजवून मोकळे झालात, तर तुम्ही पुढच्याला आणि मागच्याला खोटी माहिती दिली असे होते. तुमचा वेग उतरू लागला असे धरून ते आपापली जहाजे हाकतील. म्हणून आधी हात टेलिग्राफवर, मग भोंग्यावर.

अक्षरे एकूण दहा आणि आकडे दोन. क्रमाने घोकण्यापेक्षा कामानुसार गट पाडून घेतलेली बरी.

चालण्याची अक्षरे तीन. ‘ए’, म्हणजे भोंग्याचे आवाज आखूड-लांब: बर्फातल्या वाटेने पुढे चला. ‘जी’, लांब-लांब-आखूड: मी पुढे निघालो, माझ्या मागे या. ‘जे’, आखूड-लांब-लांब-लांब: माझ्या मागे येऊ नका, फोडलेल्या वाटेनेच चला. नवख्या माणसाला तिसरे कोड्यात टाकते. ज्याच्या भरवशावर आलो तोच मागे येऊ नका म्हणतो? कारण साधे आहे. आइसब्रेकरला मध्येच वाट सोडावी लागते. मागे अडकलेल्या जहाजाभोवतीचा बर्फ फोडायला वळायचे असते, किंवा पुढची कड धक्के देऊन मोकळी करायची असते. तो न फुटलेल्या बर्फात घुसतो, आणि त्याच्यामागे तुम्ही गेलात तर तिथे तुमचे जहाज रुतलेच म्हणून समजा. ‘जी’ आणि ‘जे’ यांतला फरक म्हणून जिवावरचा आहे.

आवरण्याची अक्षरे चार, आणि ती एकाहून एक कडक होत जातात. ‘पी’, आखूड-लांब-लांब-आखूड: वेग कमी करा. ‘एन’, लांब-आखूड: इंजिन थांबवा. ‘एच’, चार आखूड: इंजिन उलटे फिरवा. ‘एल’, आखूड-लांब-आखूड-आखूड: जहाज तत्काळ थांबवा. इंजिन थांबले म्हणजे जहाज थांबले असे नाही, हे जमिनीवरून आलेल्या माणसाने अंगी मुरवून घ्यावे. हजारो टनांचे जहाज इंजिन बंद झाल्यावरही नुसत्या जडत्वाने पुढे सरकत राहते. ‘एन’ इंजिनाबद्दल बोलतो, ‘एल’ जहाजाबद्दल. ‘एल’ आल्यावर ‘इंजिन तर बंद केले आहे’ हे उत्तर चालणार नाही.

अंतराची अक्षरे दोन. ‘क्यू’, लांब-लांब-आखूड-लांब: अंतर कमी करा. ‘बी’, लांब आणि तीन आखूड: अंतर वाढवा. दोर घेण्यासोडण्याचे एकच, ‘वाय’, लांब-आखूड-लांब-लांब: ओढण्याचा दोर घ्यायला किंवा सोडायला तयार राहा. आणि दोन्ही रकान्यांत एकच अर्थ असलेले दोन आकडे. चार, म्हणजे चार आखूड आणि एक लांब: थांबा, मी बर्फात अडकलो आहे. पाच, म्हणजे पाच आखूड: लक्ष द्या. यांशिवाय ‘के’, लांब-आखूड-लांब, हे अक्षर आइसब्रेकर भोंग्याने किंवा दिव्याने देऊ शकतो. रेडिओवर सतत कान ठेवायचे तुमचे कर्तव्य आहे, याची ती आठवण असते. ‘के’ ऐकू आला तर बहुधा तुम्ही हाका ऐकलेल्या नाहीत असे समजून आधी व्हीएचएफ रेडिओचा आवाज आणि चॅनेल पाहावे.

आज बहुतेक हुकूम व्हीएचएफवर तोंडी येतात, हे खरे. मग भोंगा कशाला, असे तरुण मंडळी विचारतात. ताफ्यातल्या पाच जहाजांवर पाच देशांची माणसे असतात. एकाच चॅनेलवर दोघे एकदम बोलले की कोणाचेच कळत नाही. आणि ज्या क्षणी पुढचे जहाज अचानक थिजते, त्या क्षणी वाक्य जुळवायला वेळ नसतो. भोंग्याचा आवाज सगळ्यांना एकदम पोचतो.

खुणा कानाने शिकायच्या तर गोंधळ कुठे होतो ते आधी ओळखून ठेवावे. ‘ए’ आणि ‘एन’ एकमेकांची उलटी रूपे आहेत. आखूड-लांब म्हणजे पुढे चला, लांब-आखूड म्हणजे इंजिन थांबवा. झोपमोडीच्या वेळी याच दोघांची अदलाबदल होते. ‘क्यू’ आणि ‘वाय’ यांत तीन लांब आणि एक आखूडच आहे, फक्त आखुडाची जागा वेगळी. ‘एच’, पाच आणि चार ही तर आखुडांची मालिकाच: चार, पाच, आणि चारानंतर एक लांब. पाचातला एक आखूड वाऱ्यात हरवला तर ‘लक्ष द्या’चे ‘इंजिन उलटे फिरवा’ होते. चाराच्या खुणेतला शेवटचा लांब हरवला तरीही ‘इंजिन उलटे फिरवा’ हेच ऐकू येते, आणि तिथे सुदैवाने चूक सुरक्षित बाजूला पडते. ‘क्यू’चे तसे नाही. त्यातला शेवटचा लांब गेला की ‘जी’ उरतो आणि अंतर कमी करायचा हुकूम ‘माझ्या मागे या’ असा ऐकू येतो. खूण अर्धवट वाटली तर लगेच व्हीएचएफवर विचारून घ्यावे. वेग कमी करण्याची कृती अंदाजाने करावी लागली तर करावी, वेग वाढवण्याची कधीही अंदाजाने करू नये.

लुकआउटवर उभ्या असलेल्या रेटिंगने म्हणून अर्थ सांगण्याची घाई करू नये. जे ऐकले ते तसेच सांगावे: “पुढून, लांब, आखूड.” त्यानंतर हवे तर “नोव्हेंबर”, म्हणजे रेडिओवरच्या उच्चारातला ‘एन’. अर्थ लावण्याची जबाबदारी वॉचवरच्या अधिकाऱ्याची. तुम्ही थेट “पुढे चला म्हणतात साहेब” असे म्हणालात आणि ते चुकीचे निघाले, तर ती चूक पकडायला कोणाला वावच राहत नाही. ही शिस्त लहान वाटते, पण माझ्या मते रेटिंगच्या सगळ्या कामात ती पहिली आहे.

आता थोडे खोल पाणी. हीच अक्षरे ताफ्याबाहेर वेगळे बोलतात. उघड्या समुद्रात ‘ए’ म्हणजे माझा पाणबुड्या खाली आहे, दूर राहा. ‘बी’ म्हणजे धोकादायक माल. ‘जी’ म्हणजे मला पायलट हवा, ‘एच’ म्हणजे पायलट जहाजावर आहे. ‘जे’ म्हणजे जहाजाला आग लागली आहे आणि धोकादायक माल आहे. ‘क्यू’ म्हणजे जहाज निरोगी आहे, बंदरात मोकळीक द्या. ‘वाय’ म्हणजे माझा नांगर घसरतो आहे. ‘एन’ म्हणजे नाही. फक्त ‘एल’ दोन्हीकडे जहाज थांबवायलाच सांगतो. १८५७ मध्ये ब्रिटनमध्ये निघालेली झेंड्यांची जुनी संहिता पुढे अनेकदा बदलली. आजची संहिता १९६५ मध्ये स्वीकारली गेली आणि १ एप्रिल १९६९ पासून लागू झाली. तिच्यात ताफ्याच्या अक्षरांना वेगळी सारणी दिली आहे, आणि त्यांचे हे अर्थ फक्त आइसब्रेकर आणि त्याच्या सोबतची जहाजे यांच्यातच चालतात. ती द्यायचीही भोंग्याने, दिव्याने वा इतर दृश्य खुणेने किंवा रेडिओवर बोलून.

ही दुसरी भाषा केव्हा सुरू झाली ते कळावे म्हणून दोन अक्षरांची एक खूण आहे: ‘डब्ल्यूएम’, रेडिओवर ‘व्हिस्की माइक’. तिचा अर्थ: आइसब्रेकरची मदत आता सुरू होत आहे, त्यासाठीच्या खास खुणा वापरा आणि आवाज, दिवे, रेडिओ यांवर अखंड लक्ष ठेवा. ‘व्हिस्की माइक’ आल्याची वेळ लॉगबुकात लिहावी आणि त्या क्षणी ब्रिजवरच्या प्रत्येकाला तोंडी सांगावी. चहा घेऊन वर आलेल्यालासुद्धा.

टक्कर टाळण्याचे आंतरराष्ट्रीय नियम मात्र ताफ्यातही सुटत नाहीत, आणि इथे कान फसू शकतो. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे ताफ्यात ‘जी’. अरुंद खाडीत तेच म्हणजे ‘तुमच्या उजव्या बाजूने तुम्हाला ओलांडून जाऊ इच्छितो’. लांब आणि तीन आखूड म्हणजे ताफ्यात ‘बी’, आणि धुक्यात तोच आवाज दोराने ओढल्या जाणाऱ्या शेवटच्या जहाजाचा. पाच आखूड म्हणजे ताफ्यात ‘लक्ष द्या’, एरवी ‘तुमचा बेत मला कळत नाही’. त्या नियमांत आखूड आवाज साधारण एका सेकंदाचा, लांब चार ते सहा सेकंदांचा धरला आहे. बर्फातल्या खुणा देताना हेच माप ठेवले तर ऐकणाऱ्याला सोपे जाते. घाईत आखूड लांबतो आणि लांब आखुडतो, आणि सगळी सारणी विस्कटते. सावकाश वाजवावे आणि खूण पुन्हा द्यायची तर मध्ये भरपूर अंतर ठेवावे, नाहीतर दोन खुणा जुळून तिसरीच होते.

ताफ्यात चालताना सगळ्यात जास्त जीव गुंतलेला असतो तो अंतरात. किती अंतर ठेवायचे ते आइसब्रेकरचा कप्तान ठरवतो आणि तो दोन गोष्टी तोलतो. फार जवळ आलात तर पुढचा थांबल्यावर तुम्हाला थांबता येणार नाही. म्हणून कमीत कमी अंतर हे तुमचे जहाज पूर्ण वेगातून इंजिन उलटे फिरवून किती लांबीत थांबते त्यावरून ठरते. फार मागे पडलात तर फोडलेली वाट वाऱ्याच्या आणि प्रवाहाच्या दाबाने मिटू लागते, आणि तुम्ही तिथेच अडकता. म्हणून जास्तीत जास्त अंतर हे वाट किती वेळ उघडी राहते त्यावरून ठरते. तुमचे जहाज भरलेले आहे की रिकामे, इंजिन उलटे फिरायला किती वेळ घेते, हे आकडे ताफा सुरू होण्याआधी आपल्या कप्तानाला विचारून घ्यावेत. आइसब्रेकर ते विचारेलच, आणि तिथे अंदाजाने दिलेले उत्तर इतरांच्याही अंगाशी येते.

अंतर डोळ्यांनी मोजू नये. पांढऱ्या सपाटीवर, संधिप्रकाशात, डोळा फार फसवतो. रडारवर पुढच्या जहाजाला अंतराचे कडे लावून ठेवावे आणि ते आत येते की बाहेर जाते, हे ठरावीक वेळाने मोठ्याने बोलून सांगत राहावे. संहितेतली एक सूचना मला फार मोलाची वाटते. जहाजे एकाहून अधिक असतील तर त्यांच्यामधली अंतरे शक्य तितकी स्थिर ठेवावीत, स्वतःच्या आणि पुढच्याच्या वेगावर नजर ठेवावी, आणि स्वतःचा वेग घटू लागला तर मागच्याला ‘लक्ष द्या’ची खूण द्यावी. आपण सगळे पुढे पाहत असतो. पण ताफ्यात तुमच्यावर सोपवलेला माणूस तुमच्या मागे आहे. पुढच्याने ‘पी’ दिला, तुम्ही वेग उतरवला, उत्तर दिले, आणि मागच्याला काहीच सांगितले नाही, तर काम अर्धेच झाले. अशा ताफ्यांत मागचे जहाज पुढच्याच्या पाठीवर आदळणे हा नेहमीच्या अपघातांपैकी एक आहे.

आइसब्रेकर स्वतः अचानक थिजू शकतो. समोर बर्फाचा चढलेला बांध आला की भलाभला आइसब्रेकर एका जहाजलांबीतही उभा राहतो. कॅनडाच्या तटरक्षक दलाचे आइसब्रेकर अशा वेळी मागे तोंड असलेला लाल फिरता दिवा लावतात आणि मागच्या दिशेने भोंगाही वाजवतात. रेडिओची वाट न पाहता तो दिवा म्हणजेच हुकूम. दिवा दिसला की पूर्ण उलटे इंजिन. जागा पुरणार नाही असे दिसले तर सुकाणू एका बाजूला पूर्ण वळवून नाळ, म्हणजे जहाजाचे पुढचे टोक, वाटेच्या कडेच्या घट्ट बर्फात घालावी. तो बर्फच तुमचा ब्रेक होतो. हा निर्णय कप्तानाचा किंवा वॉचवरच्या अधिकाऱ्याचा, पण सुकाणूवरच्या रेटिंगला त्याची आधीपासून कल्पना हवी, म्हणजे हुकूम आल्यावर तो क्षणभरही थबकणार नाही. जहाज मागे सरकू लागण्याआधी सुकाणू मध्यावर आणलेच पाहिजे. मागे जाताना वळलेले सुकाणू बर्फावर आपटले तर ते मोडते, आणि सुकाणू गेलेले जहाज ताफ्याला शेवटपर्यंत ओझे होते.

आइसब्रेकर आहे म्हणजे सगळे निभावेल, असे कोणी धरून चालू नये. २००२ च्या हिवाळ्यात ‘मॅग्डालेना ओल्डेनडॉर्फ’ हे जहाज अंटार्क्टिक किनाऱ्याजवळ बर्फात अडकले. त्यावर रशियन शास्त्रज्ञ होते. अंटार्क्टिकातल्या आपल्या मैत्री केंद्राच्या शेजारी असलेल्या नोवोलाझारेव्हस्काया तळाची ही माणसे. दक्षिण आफ्रिकेच्या ‘अगुल्हास’ने हेलिकॉप्टरांनी माणसे काढली, अर्जेंटिनाचा ‘अल्मिरांते इरिझार’ हा आइसब्रेकर मदतीला पोचला, तरी जहाजाला हिवाळा तिथेच काढावा लागला. २०१३ च्या डिसेंबरात ‘अकादेमिक शोकाल्स्की’ अडकले तेव्हा त्याच्या सुटकेला गेलेला चीनचा ‘शुएलाँग’ हा आइसब्रेकरच पुढे बर्फात रुतला. प्रवाशांना त्याच्याच हेलिकॉप्टरने उचलून ऑस्ट्रेलियाच्या ‘अरोरा ऑस्ट्रेलिस’वर नेले गेले. चाराची खूण दोन्ही रकान्यांत एकाच अर्थाने का आहे, ते या घटनांवरून कळते.

ज्यांचे काम डेकवर किंवा इंजिनरूममध्ये आहे, त्यांच्यासाठी काही गोष्टी. भोंगा हवेच्या दाबावर चालतो आणि हवेबरोबर नळीत ओल येते. थंडीत ती गोठली की हुकूम आल्यावर भोंगा नुसता फुसफुसतो. नळीतले पाणी काढून टाकणे, हीटर चालू ठेवणे आणि प्रत्येक वॉचच्या सुरुवातीला आइसब्रेकरला कळवून भोंगा तपासून घेणे हे फिटर आणि इलेक्ट्रिशियन यांचे काम. खुणांचा हातदिवा आणि त्याच्या बॅटऱ्या उबेत ठेवाव्यात, थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते. इंजिन थंड ठेवायला समुद्राचे पाणी घेतले जाते त्या तोंडाशी बर्फाचा चिखल साचून पाणी बंद होते आणि इंजिन तापते. खालच्या बाजूचे तोंड वापरणे, शक्य असेल तिथे बॅलास्टच्या टाकीतले पाणी फिरवून वापरणे, गाळण्या वारंवार साफ करणे ही कामे इंजिनरूममध्ये चालू हवीत. इंजिनरूमला वाटते खुणा हा ब्रिजचा विषय. पण ‘एच’ला तुमच्या जहाजाने दिलेल्या उत्तराची खरी किंमत इंजिनरूमच ठरवते. ब्रिजने ‘मी इंजिन उलटे फिरवतो आहे’ असे कळवले आणि खाली इंजिन सुरूच झाले नाही, तर मागचा त्याच विश्वासाने येत असतो.

‘वाय’ आल्यावर डेकवरच्या टोळीने दोराच्या पल्ल्यातून बाहेर राहावे. बाल्टिक समुद्रात अडकलेल्या जहाजाची नाळ आइसब्रेकरच्या पाठीमागच्या खाचेत घट्ट ओढून बांधतात आणि दोघे एकत्र चालतात. त्या क्षणी दोन जहाजांमध्ये हाताच्या अंतराएवढीही जागा उरत नाही. दोराला ताण आल्यावर कोणी नाळेपाशी उभे राहू नये. अडकलेल्या जहाजाजवळून आइसब्रेकर घासून गेल्यासारखा जातो तेव्हाही कठड्यापाशी बघ्यांची गर्दी नको, फोटो नंतर काढता येतील.

बोलायची भाषा म्हणून २००१ मध्ये आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेने ठरावीक इंग्रजी वाक्ये मंजूर केली. त्यांत बर्फातल्या मदतीसाठीही वाक्ये आहेत: ताफ्यात तुमचा क्रमांक अमुक, अमुक जहाज तुमच्या मागे येईल, अंतर इतके मीटर ठेवा. ही वाक्ये पाठ करा, स्वतःची बनवू नका. इंग्रजी चांगले असलेल्यांनी तर मुळीच नाही. उत्तर देताना आधी जहाजाचे नाव, मग ताफ्यातला क्रमांक, मग काय करत आहात ते.

प्रशिक्षणाबद्दल एक खुलासा हवा, कारण इथे पालकांची फसगत होते. १ जानेवारी २०१७ पासून ध्रुवीय संहिता लागू झाली आणि १ जुलै २०१८ पासून ध्रुवीय पाण्यात जाणाऱ्या जहाजांवरच्या अधिकाऱ्यांसाठी मूलभूत आणि प्रगत असे प्रमाणपत्रांचे दोन टप्पे आले. पण बाल्टिक समुद्र त्या संहितेच्या हद्दीत येत नाही. म्हणजे ध्रुवीय प्रमाणपत्र नसताना तुम्ही फेब्रुवारीत फिनलंडच्या आखातात, आइसब्रेकरच्या मागे, रात्रीच्या वॉचवर असू शकता. कागद हाती नाही म्हणून ज्ञान नको असे होत नाही. आणि कोणी एजंट रेटिंगच्या पोराला ‘बर्फाचे सर्टिफिकेट’ विकत असेल, तर आधी संस्थेचे नाव डीजी शिपिंगच्या (केंद्र सरकारच्या नौवहन महासंचालनालयाच्या) मान्यताप्राप्त यादीत पाहावे.

सराव घरच्या घरी करता येतो. दोघांनी दोन गच्च्यांवर उभे राहावे, हातात टॉर्च. एक आइसब्रेकर, दुसरा मागचे जहाज. मागच्याने तेच अक्षर परत देण्याआधी तोंडाने ‘मी वेग कमी करतो आहे’ असे पूर्ण वाक्य म्हणावे आणि हाताने टेलिग्राफ ओढल्याची कृती करावी. नंतर भूमिका बदलाव्यात. टॉर्च जमली की तोंडाने शिट्टी, मग पाठमोरे उभे राहून फक्त ऐकून. ‘ए’ आणि ‘एन’ मुद्दाम पाठोपाठ द्यावेत. शेवटी तिसरा माणूस मागे उभा करावा आणि मधल्याने प्रत्येक उत्तरानंतर त्याला पाच आखूड द्यायला विसरू नये, याची सवय लावावी. मधल्याची जागा सगळ्यांत अवघड असते, तिथे जास्त वेळ द्यावा.

वाट संपते, उघडे पाणी दिसते, आणि आइसब्रेकर ‘डब्ल्यूओ’ देतो, रेडिओवर ‘व्हिस्की ऑस्कर’: मदत संपली, तुमच्या मुक्कामाकडे निघा. तीही वेळ लॉगबुकात नोंदवावी आणि ब्रिजवर मोठ्याने सांगावी, कारण त्या क्षणापासून अक्षरांचे जुने अर्थ परत लागू होतात. बंदराजवळ चार आखूड भोंगे ऐकू आले तर ती पायलट बोट असते. तेव्हा इंजिन उलटे फिरवायचे नाही, पायलटला चढवून घेण्याची शिडी तयार करायची.